मंगलित्सा: भुरी, चांदणी आणि त्यांची पहिली वेतं (प्रकल्प नोंदी)

९ मार्च २०२३
आल्या एकदाच्या दोघी डुकरिणी. ट्रेलरचं दार उघडून अर्धा तास झाला तरी खाली उतरायला तयार नव्हत्या, मग पेंढ्यावर मूठभर जव टाकले आणि आम्ही सगळे बाजूला झालो तेव्हा कुठे पहिला पाय पुढे पडला. घाई केली नाही हे फार बरं झालं. पहिल्याच दिवशी ओढाताण झाली असती तर पुढे महिनाभर माणूस दिसलं की पळाल्या असत्या.

दोघी मंगलित्सा जातीच्या, रंगाने सोनेरी, ११ महिन्यांच्या. अंगावर मेंढीसारखी कुरळी लोकर, लांबून मऊ वाटते पण हात घातला की कळतं, चांगलीच राठ आहे. लोकरीखालची कातडी मात्र काळी-करडी, आणि नाक, खूर, सड, पापण्यांच्या कडा सगळं काळंभोर, काजळ घातल्यासारखं. एकीला भुरी म्हणतो, दुसरीच्या कपाळावर फिकट ठिपका आहे म्हणून ती चांदणी. नावं फक्त वंशाला ठेवायच्या जनावरांना, मांसासाठी वाढवायची त्यांना नंबर, हा नियम लेकीने केलाय आणि मला तो पटलाय.

१४ मार्च
सगळे एकच विचारतात, की हीच जात का, पटकन वाढणारी पांढरी डुकरं सोडून ही का घेतलीस. एकदा नीट लिहून ठेवते.

ही हंगेरीची जात, १८३० च्या दशकात तिकडे तयार झाली, सर्बियातली चरबीची डुकरं आणून हंगेरीतल्या डुकरांशी संकर केला त्यातून. तेव्हा लोकांना चरबीच हवी होती, स्वयंपाकाला, मांस टिकवायला, मेणबत्त्या-साबणाला, सगळ्यालाच. मग वनस्पती तेलं आली, लोकांना कमी चरबीचं मांस हवं झालं, आणि पाच-सहा महिन्यांत कत्तलीच्या वजनाला येणाऱ्या डुकरांपुढे वर्ष-सव्वा वर्ष घेणारं हे जनावर कोण पाळणार. १९९० च्या आसपास हंगेरीत २०० पेक्षाही कमी माद्या उरल्या होत्या. काळ्या रंगाची मंगलित्सा तर कायमचीच गेली, आज सोनेरी, तांबडी आणि काळी पाठ-पांढरं पोट एवढ्याच तीन राहिल्यात. आणि वाचली कशी, तर स्पेनमधल्या हॅम बनवणाऱ्यांना हिचं मांस आवडलं, त्यांनी मागणी केली, म्हणून पाळणाऱ्यांना परत पाळाविशी वाटली.

मला या सगळ्यात ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. लोक म्हणतात दुर्मिळ जात आहे तर मारता कशाला, जपा. पण दोन-तीनशे किलो वाढणारं, दिवसाला दोन-अडीच किलो खाणारं जनावर नुसतं बघायला कोणी पिढ्यानपिढ्या पाळत नाही. मांस चांगलं निघालं, कोणाला तरी ते हवंसं वाटलं, तरच पुढचं वेत होतं. म्हणून आमचं काम मांस चांगलं काढायचं.

१९ मार्च
करंटची तार शिकवतोय. डुक्कर शॉक बसला की मागे सरत नाही, पुढे पळतं, त्यामुळे एकदम कुरणात तारेसमोर सोडलं तर सरळ तार तोडून पलीकडे. म्हणून गोठ्यालगतच्या छोट्या वाड्यात पक्क्या लाकडी कुंपणाच्या आत दोन पदर ओढलेत, खालचा २० सेंमीवर, वरचा ४५ वर. भुरीने आज नाकाने तार हुंगली, किंचाळून पुढे झेपावली, लाकडावर आदळली, मागे आली. दुपारपर्यंत तारेपासून दोन हात लांब. चांदणीला दोनदा लागलं. चार-पाच दिवस इथेच ठेवायच्या, मग कुरण.

२० मार्च
काकांचा नर आलाय. काका म्हणजे ज्यांच्याकडून माद्या घेतल्या ते, ३० वर्षं हीच डुकरं पाळतायत. नर त्यांनी मुद्दाम दुसऱ्या वंशाचा दिलाय, तीन पिढ्यांचे कागद सोबत. जात एवढी कमी असली की हे सगळ्यात आधी बघायला लागतं. सख्ख्या बहीण-भावाचं लावलं तर पिल्लात अंतःप्रजनन २५ टक्के, सावत्र असतील तर साडेबारा, चुलत-मावस असतील तर सव्वासहा, आणि एवढ्याशा कळपात कोण कोणाचं नात्यातलं निघेल सांगता येत नाही. तीन आठवडे तो वेगळ्या गोठ्यात राहील, बूट वेगळे, बादल्या वेगळ्या.

२० एप्रिल
भुरी काल संध्याकाळपासून अस्वस्थ, खाणं सोडून कुंपणाकडे उभी. आज सकाळी पाठीवर दोन्ही हातांनी दाबलं तर जागची हलली नाही, कान ताठ केले. म्हणजे पक्का माज. नर सोडला. चांदणीलाही दुपारी लागला असं वाटतंय.

डुकराचा गाभणकाळ ३ महिने, ३ आठवडे, ३ दिवस. भुरीची तारीख १२ ऑगस्ट.

११ मे
चांदणी उलटली, बरोब्बर २१ दिवसांनी परत माजावर. परत लावली. तिची तारीख आता २ सप्टेंबर. भुरीने काही दाखवलं नाही, म्हणजे गाभण समजायला हरकत नाही.

लोकर झडायला लागलीय दोघींची, झाडांच्या बुंध्यांवर केसांचे पुंजके. खालून बारीक, सरळ, विरळ केस, ओळखूच येत नाहीत.

१७ जून
चिखलाचा खड्डा मोठा केला. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, त्यामुळे अंग थंड करायला चिखल हाच मार्ग, आणि नुसत्या पाण्यापेक्षा चिखल बरा कारण तो अंगावर टिकतो, हळूहळू वाळतो तोवर थंडावा देत राहतो. वर ऊन आणि माशांपासून बचाव. गाभण मादीला उन्हाचा त्रास झाला तर पिल्लांवर जातं, म्हणून यात हात आखडता घेतला नाही.

१२ ऑगस्ट, पहाटे
काल दुपारी ४ वाजल्यापासून भुरी पेंढा तोंडात धरून आणतेय. एक गठ्ठा मोकळा करून ठेवला होता, तिने तो पुरा कोपऱ्यात नेला, मग बाहेरून गवत, वाळक्या काटक्या, लेकीचा विसरलेला रुमालसुद्धा. पुढच्या पायांनी खड्डा करायचा, गोल फिरायचं, बसून बघायचं, परत उठून आणायचं. सडाला हात लावला तर पांढरा चीक आला, तेव्हा नवऱ्याला म्हटलं आज झोप विसरा.

रात्री ११.४० ला पहिलं. मग १५-२० मिनिटांच्या अंतराने एकेक, शेवटचं १.३५ ला. सहा! या जातीत पाच-सहा म्हणजे चांगलं वेत. लेक खाली गवतावर पोटावर पडून टॉर्च लपवत बघत होती, एकदम कुजबुजली, "आई, यांच्या पाठीवर रेघा आहेत." खरंच, रानडुकराच्या पिल्लासारखे फिकट-गडद पट्टे, काही आठवड्यांनी जातात म्हणे.

एकही पिल्लू मी उचललं नाही. ओली, लटपटती, नाळ ओढत ती स्वतःच आईच्या पायांना वळसा घालून सडापाशी पोचत होती, सगळ्यात छोट्याला ११ मिनिटं लागली, ती ११ मिनिटं मात्र जीव टांगणीला होता. पहिल्या दिवसात चीक पोटात गेलाच पाहिजे, पिल्लू रोगाशी लढायची ताकद आईच्या पोटातून घेऊन येत नाही, सगळी चिकातून मिळते आणि साधारण २४ तासांनी आतड्याचं ते दार बंद होतं. हीट लॅम्प कोपऱ्यात ३२-३३ अंशाला लावलाय, आईला तेवढी उष्णता सोसत नाही म्हणून तिच्यापासून लांब, मध्ये आडवी फळी.

वार, म्हणजे पिल्लांमागून पडणारी नाळेची पिशवी, ३ वाजता पडली, पूर्ण. मोजून घेतलं.

१४ ऑगस्ट
एक गेलं. सकाळी पेंढ्याखाली सापडलं, आई आडवी होताना खाली आलं असणार. पहिलं वेत, अंगाने जड आई, आणि मी घरटं खोल होऊ दिलं, पेंढा एवढा जास्त होता की पिल्लू त्यात अडकलं, निसटू शकलं नाही. दोष तिचा नाही. अर्धा पेंढा काढला, उरलेला आखूड कापून घातला. चांदणीच्या वेळी आधीपासून आखूडच पेंढा.

१६ ऑगस्ट
सडं वाटून झाली! चौथ्या दिवशी प्रत्येकाचा सड ठरलेला, पुढचे दोन सगळ्यात दांडग्या दोघांनी धरलेत, पुढच्या सडांना दूध जास्त. भुरी साधारण तासाला एकदा हाक देते, आधी सावकाश हुंकार, पिल्लं सडाभोवती नाकाने घुसळतात, हुंकार वेगात होतात आणि मग पान्हा सुटतो, जेमतेम २० सेकंद. त्या २० सेकंदांत सगळी एकदम गप्प, फक्त चोखण्याचा आवाज. जे उशिरा आलं त्याला पुढच्या तासापर्यंत काही नाही. मी रोज संध्याकाळी एक पाळी बघायला बसते.

पाणी! दूध पाजणारी मादी दिवसाला २०-३० लिटर पिते. नळाचा दाब कमी होता, आज बदलला.

१८ ऑगस्ट
डॉक्टर येऊन गेले. तीन नर पिल्लं खच्ची केली, वेदनाशामक आणि भूल देऊन, नुसतं धरून करायला मी तयार नव्हते. करायला लागतंच, कारण वर्षभर वाढवलेल्या नराच्या चरबीत जो उग्र वास धरतो तो शिजवताना घरभर होतो.

लोहाच्या इंजेक्शनबद्दल विचारलं. पिल्लू जन्मतं तेव्हा अंगात लोह साधारण ५० मिलिग्रॅम, रोजची गरज ७ ते १० ची, आणि दुधातून मिळतं १. सिमेंटवर वाढणाऱ्या पिल्लांना तिसऱ्या दिवशी इंजेक्शन दिलं नाही तर पांढरी पडतात. आमची माती उकरतात, तरी डॉक्टर म्हणाले पहिलं वेत आहे, धोका नको. दिलं.

२ सप्टेंबर
चांदणी. पाच. पाचही जिवंत, रात्री १० ते १२ मध्ये आटोपलं. आखूड पेंढा.

७ ऑक्टोबर
भुरीच्या पिल्लांचं दूध तोडलं, ५६ दिवस झाले. चार आठवड्यांतही तोडतात, पण मग खुराक फार भारी द्यावा लागतो आणि पोटं बिघडतात. पिल्लांना जुन्याच जागी ठेवलं आणि आईला हलवलं, उलटं नाही. दोन दिवस ओरडतील.

दोन खच्ची नर मैत्रिणीने नेले, ती मांसासाठी वाढवणार. आमच्याकडे राहिले १, ४ आणि ५ नंबर, १ खच्ची, बाकीच्या दोघी माद्या. चांदणीचं वेत अजून पितंय, त्यातल्या दोघी माद्या काकांच्या ओळखीतल्या एका पाळणाऱ्याकडे जायच्यात.

१२ जानेवारी २०२४
काटा नाही त्यामुळे टेपने. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, गुणिले ६९.३, की किलो. १ नंबरला खायला ठेवून टेप सरकवला: घेर ०.८०, लांबी ०.७८. म्हणजे ३४.६ किलो. पाच महिन्यांत ३५ सुद्धा नाही! लोकर दाट आहे म्हणून टेप घट्ट दाबून घेतला तरी एवढंच. या वयात पांढरी डुकरं शंभराजवळ असतात.

माहीत होतं सगळं, तरी आकडा वहीत लिहिताना पोटात गोळा आला. खुराकाची पोती कमी होताना दिसतात, वजन दिसत नाही. नवरा म्हणाला मका वाढवून बघूया का थोडा. वाढवतोय.

२४ मार्च
आज जे कळलं ते सविस्तर लिहिते कारण चूक माझी आहे आणि परत होता कामा नये.

अडीच महिने मका आणि सोयाबीनचा भरडा देतोय. टेप: घेर १.००, लांबी ०.९२, म्हणजे ६३.८ किलो. मी खूश, रोजचे ४०० ग्रॅम! काका बघायला आले होते. १ नंबरच्या पाठीवर हात ठेवला, मग मागे जाऊन मांडीवर, मग परत पाठीवर. म्हणाले, "अगं, हे वाढलं नाही, हे भरलंय. लांबी बघ की." डॉक्टरांकडून अल्ट्रासाउंडचं मशीन आणलं, शेवटच्या बरगडीवर लावलं. चरबी ३२ मिमी. ६४ किलोच्या जनावरावर ३२.

त्यांनी समजावलं ते असं. या जातीला स्नायू बांधायला वेळ लागतो, दिवसाला तो ठरावीकच बांधला जातो, त्याच्या वर जे काही घालाल ते सगळं चरबीत जातं. चरबी हवीच आहे आपल्याला, तिच्यासाठीच तर ही जात, पण ती शेवटी हवी, सांगाडा आणि स्नायू तयार झाल्यावर, म्हणजे मग ती स्नायूच्या आत धाग्याधाग्यात शिरते. आत्ताच पाठीवर थर चढला तर कातडीखाली जाड चादर आणि आत मांस मूठभर.

दुसरं म्हणजे कोणती चरबी. गाय-शेळीचं पोट चार कप्प्यांचं असतं, त्यातले जंतू तेल-चरबी बदलून टाकतात. डुकराचं आपल्यासारखं एकच पोट, जे तेल खातं ते तसंच अंगावर चढतं. मका आणि सोयाबीनच्या तेलाने चरबी मऊ, तेलकट होते, लवकर खवट होते. जव, वाटाणा यांनी घट्ट आणि पांढरी.

"वजन वाढवायची घाई असेल तर ही जात पाळूच नये," काका म्हणाले, रागाने नाही, पण ऐकून गप्प झाले मी. मी स्वतःच गेल्या वर्षी मार्चमध्ये लोकांना हेच सांगत होते आणि जानेवारीत एका आकड्याने घाबरले.

आजपासून मका-सोया बंद. जवाचा भरडा, गव्हाचा कोंडा, वाटाणा (प्रथिनांसाठी, त्यातला लायसिन नावाचा घटक कमी पडला तर स्नायू बांधलाच जात नाही), मोजून, आणि बाकी दिवसभर कुरण. चांदणीच्या तिघांना मका जेमतेम तीन आठवडेच मिळालाय, ते लहान होते म्हणून. बरं झालं.

५ एप्रिल
कुरणाचे सहा भाग केले, दहा दिवसांनी पुढच्यात. उकरलेल्या भागात मागून क्लोव्हर आणि राय गवत फेकतोय. चालतात खूप आता, पाण्याची टाकी मुद्दाम एका टोकाला, खाणं दुसऱ्या टोकाला.

२१ मे
४ नंबर सकाळी उठली नाही. बाकी सगळे खायला पळाले, ही पेंढ्यात, पाय आखडून. ताप ४१.३ (३८.५ ते ३९.५ नेहमीचं). पांढऱ्या डुकराला एरिसिपेलास हा जंतूंचा रोग झाला तर लांबून दिसतो, अंगावर लाल चौकोनी चट्टे, पत्त्यातल्या चौकटसारखे. हिची कातडी काळी, वर लोकर, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मग हातमोजे घालून पाठीवरून तळवा सावकाश फिरवला, केसांच्या उलट दिशेने, आणि लागलं. किंचित उंच, गरम, कडा स्पष्ट. एक, मग दुसरा, मग कुशीवर तिसरा. बोटाने कड काढत गेले तर चौकटच.

एरिसिपेलास. डॉक्टर तासाभरात आले, पेनिसिलिन. या रोगाला ते चांगलं लागू पडतं, वेळेत दिलं तर. संध्याकाळी ४०.१, उठून पाणी प्यायली तेव्हा जिवात जीव आला. पाच दिवसांचा कोर्स, वहीत तारीख आणि औषध लिहिलंय, डॉक्टरांनी सांगितलेला काळ उलटल्याशिवाय हिचं मांस जाणार नाही.

लशीचा दुसरा डोस एप्रिलमध्ये द्यायचा होता. कुरणाच्या कामात राहून गेला. सगळ्यांना उद्या.

२६ मे
४ नंबर एकदम बरी, चट्ट्यांवरचे केस झडतायत. पाय लंगडत नाही ना रोज बघतेय, हा रोग सांध्यांत मागे राहतो.

१४ जुलै
पाहुण्यांच्या मुलाने हॅमचं सँडविच कुंपणातून ५ नंबरला धरलं, मी धावत जाऊन हातातून काढलं, मुलगा घाबरला, त्याची आई नाराज झाली. मला वाईट वाटलं पण परत झालं तरी तेच करेन. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू मुरवलेल्या मांसात, सॉसेजमध्ये महिनोन्महिने जिवंत राहतो, त्याला औषध नाही, एका घासाने अख्खा कळप जाऊ शकतो, आणि आमच्याकडे जी जनावरं आहेत ती दुसरीकडून विकत आणून भरून काढता येणारी नाहीत. फाटकावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली, बूट बुडवायचा टब ठेवला, स्वयंपाकघरातलं उष्टं डुकरांना कधीच नाही.

२२ सप्टेंबर
ओक गळायला लागले! कुरणाच्या वरच्या अंगाला ११ जुनी झाडं आहेत, त्यांच्यासाठीच हा भाग शेवटपर्यंत राखून ठेवला होता. आज फाटक उघडलं. पहिली पाच मिनिटं कोणाला कळलंच नाही, मग १ नंबरच्या दाताखाली एक फळ फुटलं, कटकन आवाज आला, तो थांबला, आणि मग पुढचे दोन तास नुसता कटकट आवाज. फळ दाढेखाली घेतात, फोडतात, आणि टरफल ओठाच्या कडेने बाहेर टाकतात, आतला गर तेवढा खातात. एवढं नाजूक काम त्या जबड्याने कसं जमतं मी बघतच राहिले.

ओकच्या फळातल्या तेलात ओलेइक आम्ल भरपूर, ऑलिव्ह तेलात असतं तेच, आणि ते चरबीत उतरतं. स्पेनमध्ये इबेरियन डुकरांना याचसाठी शेवटचे काही महिने ओकच्या रानात सोडतात. प्रथिनं मात्र यात कमी, म्हणून संध्याकाळी वाटाणा-जव थोडे चालूच.

५ नोव्हेंबर
कत्तलीची तारीख १८. आधी १ आणि ४ जातील, चांदणीचे तिघे जानेवारीत. ५ नंबर वंशाला ठेवतोय, लांब आहे, १० सड सगळे नीट, पाय सरळ, आणि माणसाजवळ शांत. स्वभाव हा पहिला निकष ठेवलाय.

आजपासून ट्रेलर कुरणात उभा, दार उघडं, संध्याकाळचं खाणं त्यातच.

१७ नोव्हेंबर
शेवटचं माप. १ नंबर: घेर १.२४, लांबी १.३०, १३८.५ किलो. मार्चपासून दिवसाला ३०० ग्रॅमच्या आसपास आलंय. झपाट्याने वाढणाऱ्या जातींचं याच्या अडीच-तीन पट असतं. सव्वा वर्ष झालं त्याला.

आज फक्त पाणी. संध्याकाळी तरी ट्रेलरमध्ये जाऊन बसला, सवयीने.

१८ नोव्हेंबर
गेले. दोघं एकत्र, आपल्या पायांनी चढले, चालत उतरले, काठी नाही, आरडाओरडा नाही. मी शेवटपर्यंत थांबले. दोन तास पेंढ्यावर विसावू दिलं, अनोळखी जनावरांत मिसळू दिलं नाही.

हे जनावरासाठी तर आहेच, पण मांसासाठीही तेवढंच. ऐनवेळी घाबरलं, धडपडलं तर स्नायूतलं आम्ल झपाट्याने वाढतं, मांस अजून गरम असताना, आणि ते फिकं, मऊ, पाणी सुटणारं होतं. उलट आदल्या दिवसापासून ताणात, उपाशी, भांडत राहिलं तर स्नायूतली साखर आधीच संपते, आम्ल होतच नाही, मांस काळपट, कोरडं आणि लवकर खराब होणारं. १५ महिन्यांचं काम अर्ध्या तासात वाया जाऊ शकतं. मीटर लावलं: ४५ मिनिटांनी पीएच (आम्लाचं माप, आकडा कमी म्हणजे आम्ल जास्त) ६.४.

घरी आल्यावर कोणी फार बोललं नाही. लेक ५ नंबरपाशी जाऊन बसली.

१९ नोव्हेंबर
२४ तासांनी पीएच ५.६. जसं हवं तसं!

२३ नोव्हेंबर
आज कापलं. मैत्रिणीच्या एका डुकराचं धडही याच आठवड्यात शेजारी टांगलेलं होतं, १ नंबरचा सख्खा भाऊ, तिने शेवटपर्यंत मका आणि बेकरीचा उरलेला माल दिला, तिच्याकडे कुरण नाही, तिला दुसरा पर्यायही नव्हता. तिच्या परवानगीने दोन्ही कमरेचे तुकडे एकाच फळीवर ठेवले.

आई एक, बाप एक, वेत एक. तिच्या चरबीवर बोट दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला, बोट तेलकट. आमच्यावर दाबलं तर घट्ट, बोट काढलं की पृष्ठभाग परत सपाट, रंग दुधी पांढरा. मांस आमचं गडद लाल, जवळपास बीफसारखं, तिचं जरा फिकट. स्नायूतले चरबीचे धागे दोन्हीत आहेत पण आमच्यात बारीक आणि आतपर्यंत गेलेले. आणि मार्चची चूकही समोर दिसत होती, पाठीची चरबी ७ सेंमी, मांसाचा डोळा, म्हणजे कापातला मुख्य गोल स्नायू, माझ्या मुठीएवढा. चांदणीच्या तिघांचं जानेवारीत बघू, त्यांची पाठ हाताला आत्ताच वेगळी लागते.

एक जाड तुकडा फक्त मीठ लावून थंड तव्यावर ठेवला आणि आच मंद. चरबी स्वतःच सुटली, दुसरं काही घालावं लागलं नाही. कडा तांबूस-कुरकुरीत, आत अजून ओलसर, आणि चरबी जिभेवर थांबत नाही, विरघळते, मागे किंचित सुक्या मेव्यासारखी चव. नवऱ्याने डोळे मिटले. लेकीने दोन घास खाल्ले, मग म्हणाली, "आई, हे त्याने खाल्लेल्या ओकचंच आहे ना?" हो म्हटलं.

२४ नोव्हेंबर
पोटातली चरबी बारीक कापून थोडं पाणी घालून मंद आचेवर सहा तास कढवली. बर्फासारखी पांढरी, गाळून बरण्यांत. मांडीचे दोन तुकडे मिठात, मांसाच्या वजनाच्या ३ टक्के मीठ, मोजून.

२० डिसेंबर
५ नंबरची नोंदणी झाली, कानातला टॅग बसला. लेकीने नाव लिहिलं, ओवी. काकांनी पहिला नर परत नेला होता, तो हिचा बाप, त्यामुळे यावेळी तिसऱ्याच वंशाचा आणलाय, काळ्या खुरांचा, शांत, कागद तपासले, आजोबा-पणजोबांपर्यंत कोणी सामाईक नाही. तीन आठवडे वेगळा ठेवला होता.

सकाळी ओवी कुंपणापाशी उभी होती, खायला आली नाही. पाठीवर हात दाबले, हलली नाही. १३ एप्रिल लिहून ठेवलंय. पेंढा आखूड कापायचा.